काडतूस कोणाच्या हाती? खानदेशातील दारू, शिसे आणि सत्ता : एक थ्रेड

१/ १८५७ म्हटले की चरबी लावलेले काडतूस आठवते. पाठ्यपुस्तकात ते धर्मभावनेच्या प्रकरणात येते आणि तिथेच संपते. त्या काडतुसामागे मात्र आणखी एक प्रश्न दडलेला होता व तो बंडापेक्षा अधिक काळ टिकला. बंदुकीत भरायचा बार कोणी तयार करायचा : बंदूक बाळगणाऱ्याने की सरकारने? खानदेशाचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचला पाहिजे.

२/ आधी शब्द पाहू. बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. शिवकाळातील अठरा कारखान्यांत दारूखान्याची गणना होते. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला. दारू हा कच्चा माल. काडतूस ही तयार वस्तू. या दोन शब्दांमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

३/ तोड्याची किंवा ठासणीची बंदूक नळीच्या तोंडाने भरली जाई. दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायचे. हाती पडलेल्या शिशाची गोळी ओतता येई. ती थोडी सैल बसली तरी चाले. म्हणजे प्रत्येक बंदूकधारी आपल्या बाराचा कारागीरही होता.

४/ त्याची सामग्री किती? दारूचे शिंगडे, गोळी ओतण्याचा साचा, शिसे वितळवायची पळी, थोड्या चिंध्या. सारे खांद्यावरच्या एका पिशवीत मावे. घरच्या घरी बार भरण्याची सुटसुटीत साधने आज परदेशात छंद म्हणून विकली जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी ती एके काळी रोजच्या वापरातली होती.

५/ १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला कारभाराचे ठाणे केले. डोंगरातील भिल्लांना केवळ फौजेने नमवता येत नाही असे दिसल्यावर १८२५मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. ज्यांच्याशी लढायचे, त्यांच्याच हाती सरकारी बंदूक द्यायची. बंदूक सरकारची, तशी गोळीही सरकारचीच.

६/ याच धोरणातून आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकाकडे होती. नोव्हेंबर १८५७मध्ये त्याने आपल्या माणसांसह त्याच रस्त्यावर सुमारे ७ लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मेजर इव्हान्सच्या फौजेशी बंडकऱ्यांची मोठी लढाई झाली. भिल्लांबरोबर अरब आणि मकराणी लढवय्येही होते. बंडकऱ्यांचा पराभव झाला. कैद्यांपैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक त्यानंतरही झुंजत राहिला आणि १८६०मध्ये दगाबाजीने मारला गेला.

७/ पहिल्या लुटीपासून मृत्यूपर्यंत जवळजवळ ३ वर्षे. या काळाचे श्रेय सहसा शौर्याला आणि डोंगराला दिले जाते. ते योग्यच आहे, पण अपुरे आहे. ज्याच्यामागे सरकारी कोठार नाही, त्याला अशी हत्यारे लागतात की जी कोठाराविना चालतात. तीरकामठा हे असे पहिले हत्यार. बाण गावातच घडतो आणि सापडला तर पुन्हा वापरता येतो. ठासणीची बंदूक हे दुसरे. दोन्हींचा पुरवठा आसपासच्या गावांतून होऊ शकत होता.

८/ इथे भाबडेपणा नको. घरची दारू दमट होई, कमीजास्त जळे. प्रत्येक बार वेगळा पडे. एन्फिल्ड रायफल कित्येक शे यार्डांवर नेम धरी, तर साध्या नळीच्या बंदुकीचा भरवसा शंभर यार्डांपलीकडे फारसा नव्हता. ज्या स्वयंपूर्णतेने बंड टिकवले, तीच समोरासमोरच्या लढाईत उणी पडली. कारखान्याने गावावर मात केली.

९/ आता चरबीच्या काडतुसाकडे परत येऊ. जानेवारी १८५७मध्ये डमडमहून अफवा पसरल्यावर सरकारने सवलत दिली की शिपायांनी आपल्या पसंतीचे तेल-मेण स्वतः लावावे. काडतूस दातांनी तोडण्याऐवजी हाताने फाडण्याची पद्धतही आणली. म्हणजे बाराचा एक भाग पुन्हा शिपायाच्या हाती देऊ केला. तोवर विश्वास उडाला होता. 'हे कशाचे बनले आहे?' असा प्रश्न ज्याला पडतो, त्याने ते स्वतः बनवलेले नसते.

१०/ सरकारने धडा घेतला, पण वेगळा. १८५७मध्येच शस्त्रे व दारूगोळा यांची आयात, निर्मिती आणि विक्री नियंत्रित करणारा कायदा झाला, १८६०मध्ये दुसरा. १८६९मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. एकीकडे गावातील बार बंद होत गेला, दुसरीकडे सरकारी बार वाढत गेला.

११/ मग लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८चा शस्त्र कायदा. त्यातील वर्णभेद प्रसिद्ध आहे : युरोपियनांना सूट, हिंदी माणसाला परवाना. १८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. पण त्या कायद्याच्या व्याख्या फारसे कोणी वाचत नाही. दारूगोळा बनविण्याची यंत्रसामग्री त्यात 'दारूगोळा' या शब्दातच धरली आहे. शिसे, गंधक आणि सोरा यांवरही निर्बंध लागू करण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. कायदा करणाऱ्यांना नेमके ठाऊक होते : बंदूक हिसकावली तर एक माणूस निःशस्त्र होतो, साचा आणि सोरा हिसकावला तर गाव निःशस्त्र होते.

१२/ त्याच सुमारास तंत्रही पालटले. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू, तोंडाशी गोळी. हे काडतूस पावसाला दाद देईना आणि क्षणात भरता येई. पण ते खेड्यातील भट्टीवर घडत नाही. बार उडाल्यावर पुंगळी शाबूत राहते व पुन्हा भरता येते; म्हणूनच रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब फौजेत आणि पोलिसांत ठेवला जातो.

१३/ एकाच वर्षातील दोन घटना पाहा. १८८४मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे जॉन बार्लो याची 'आयडियल' कंपनी सुरू झाली. तिचे अडकित्त्यासारखे दिसणारे हत्यार घेऊन शिकारी आपल्या पुंगळ्या रानातील मुक्कामावरही पुन्हा भरी. त्याच १८८४मध्ये हिंदुस्थानात स्फोटक पदार्थांचा कायदा झाला. तिथे जो नागरिकाचा घरगुती उद्योग ठरला, तो इथे प्रजेचा गुन्हा ठरला. फरक तंत्राचा नव्हता. नागरिक आणि प्रजा या दोन शब्दांचा होता.

१४/ परिणाम दिसायला खानदेशातच थांबावे. १९४४च्या एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे क्रांतिकारकांनी सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. सातारच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि खानदेशातील डॉ. उत्तमराव पाटील ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. खाज्या नाईकाच्या लुटीनंतर सुमारे ८६ वर्षांनी, त्याच मुलखात, पुन्हा खजिना. पण आता बार गावात घडत नव्हता. काडतूस विकत घ्यावे लागे, चोरून आणावे लागे, एकेक मोजून वापरावे लागे.

१५/ येथे काही तरुण वाचक घाईने निष्कर्ष काढतील : मग घरी शस्त्र आणि काडतूस बनवणे हाच आपला वारसा! हा निष्कर्ष चुकीचा आहे. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांच्या बेकायदा धंद्यासाठी वारंवार बातम्यांत येते. ती पिस्तुले कोणत्याही परकीय सत्तेशी लढत नाहीत. ती गल्लीतील भांडणात आणि वाढदिवसाच्या चित्रफितीत दिसतात, आणि त्यांच्यापायी मरतो तो शेजारी. त्यात अंबापाणी शोधणे हा अंबापाणीचा अपमान आहे.

१६/ कौशल्य तेच असले तरी कारण तेच राहत नाही. १८७८चा कायदा ज्यांच्यावर लादला गेला, त्यांना तो बदलण्याचा अधिकार नव्हता. १९५९चा शस्त्र कायदा निवडून आलेल्या संसदेने केला. त्यातही दारूगोळा बनविण्याची यंत्रसामग्री 'दारूगोळा' या व्याख्येत आहेच आणि विनापरवाना निर्मिती गुन्हाच आहे. शब्द जवळजवळ तेच; पण आता त्या शब्दांबद्दल जाब विचारता येतो. हा फरक लहान नाही.

१७/ तरीही त्याच कायद्यात जुन्या जगाची एक खूण उरली आहे. पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३मध्ये आहे. रानडुकरांनी ज्वारी उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्यासाठी हा इतिहास नाही, वर्तमान आहे. कायद्याचा कठोरपणा पिस्तुलाच्या धंद्यावर हवा. राखणदारापुढे ही तरतूद सोप्या भाषेत पोहोचायला हवी.

१८/ आणि एक योगायोग. आज जळगाव जिल्ह्यात, भुसावळजवळ वरणगाव येथे, सरकारी आयुध निर्माणीत सैन्यासाठी रायफलची काडतुसे तयार होतात. ज्या खानदेशातून बार काढून घेतला गेला, त्याच खानदेशात देशाचे काडतूस घडते. फक्त ते आता एका नाईकाच्या पिशवीत नसते. त्याचा जमाखर्च प्रजासत्ताकाच्या वहीत असतो.

१९/ म्हणून इतिहास वाचताना तलवारी आणि नावे मोजून थांबू नये. शिसे कुठून आले, दारू कोणी कुटली, साचा कोणाच्या घरी होता, हेही विचारावे. बंदूक हाती असणे म्हणजे बळ नव्हे. तिचा पुढचा बार कोण देतो, त्यावर बळ ठरते. इंग्रजांना हे १८५७मध्ये कळले. खानदेशाच्या डोंगरांना ते त्याआधीपासून ठाऊक होते.