मेण कुठलंही असो, काजळी तीच

मंडळी, दिवाळी जवळ आली की दुकानांत काचेच्या बरण्यांतल्या सुगंधी मेणबत्त्यांची आरास लागते. त्यांच्यावरची लेबलं वाचली आहेत का कधी? ‘१०० टक्के नैसर्गिक’, ‘सोया वॅक्स’, ‘आरोग्यदायी’, ‘पर्यावरणपूरक’. साध्या पांढऱ्या मेणबत्तीच्या कितीतरी पट पैसे मोजून लोक त्या घेतात आणि खिडक्या लावून घेऊन बंद खोलीत पेटवतात. का, तर आता निश्चिंत! नैसर्गिक आहे ना!

मी जन्मभर मराठी शिकवलं. वर्गात मुलांना सांगायचे, विशेषण दिसलं की आधी ते कुठल्या नामाला लागलंय ते शोधा. इथेही तेच करून पाहा. ‘नैसर्गिक’ हे विशेषण मेणाला लागलंय, धुराला नाही. आणि आपल्या छातीत जातो तो धूर.

काहीजण म्हणतील, बाई आता विज्ञानही शिकवायला लागल्या! पण ह्यातलं विज्ञान आपल्या आज्यांना ठाऊक होतं. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरायचं आणि त्यावर धरलेली काजळी तुपात खलून काजळ करायचं. एरंडेल काही कारखान्यात जन्मलेलं नव्हतं, शंभर टक्के नैसर्गिकच होतं. तरी काजळी धरायचीच. मायकेल फॅरेडे ह्या थोर शास्त्रज्ञाने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यांतही हेच समजावलं होतं. ज्योत पिवळी, उजळ दिसते ती तिच्यातल्या तापून लाल झालेल्या कार्बनच्या कणांमुळे. हे कण पुरते जळाले तर ठीक, नाहीतर तीच काजळी. म्हणजे ज्योतीला उजेड आहे तिथे काजळीची शक्यता आहे. मग मेण खनिज तेलाचं असो, सोयाबीनचं असो, नाहीतर मधमाशीचं.

आता पॅराफिनची बाजू मी घेतेय असं समजू नका. पॅराफिन खनिज तेलातून निघतं. आपल्याकडे आसामातल्या दिग्बोईचा १९०१ सालचा जुना तेलशुद्धीकरण कारखाना त्याच्या मेणासाठी प्रसिद्ध आहे. जमिनीतून एकदा उपसलेलं तेल परत भरून येत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण त्याच्या जागी जे आणलंय ते तरी कसं आहे?

सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं सोयाबीन तेल. एका परीने डालड्याचंच भावंड. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. ज्या देशात फोडणीचं तेल आयात करावं लागतं, तिथे खायचं तेल घट्ट करून वासासाठी जाळायचं, ह्याला पर्यावरणपूरक म्हणायचं? पाम वॅक्सची गोष्ट तर त्याहून वाईट. इंडोनेशिया-मलेशियात पामच्या लागवडीसाठी जंगलं तोडली गेली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. राहिलं मधमाशीचं मेण. मूळचं मेण ते हेच. पण एक किलो मेण तयार करायला मधमाश्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. पेट्या ठेवून नीट मधपालन करणाऱ्याकडून ते घेतलं तर उत्तमच. आग्या मोहोळ जाळून काढलेलं असेल तर त्यात कसलं आलंय पर्यावरण?

आणि सुगंध? त्याबद्दल लेबलावर बहुधा एकच शब्द असतो. लिंबाच्या, संत्र्याच्या वासात लिमोनीन असतं. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड तयार होतं. तेव्हा वास ‘नैसर्गिक’ असला म्हणजे निर्धोक असतो, हेही खरं नव्हे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही, मंडळी. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठात सौम्य दमा असलेल्या तरुण माणसांना मेणबत्त्यांच्या आणि स्वयंपाकाच्या धुरात बसवून तपासलं, तर त्यांच्यात दाहाच्या खुणा आढळल्या. आपल्याकडे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तान्हं बाळ असतं, दम लागणारे आजोबा असतात, आणि पाहुणे यायचे म्हणून चार बरण्या एकदम पेटलेल्या असतात. वर उदबत्ती, धूप आहेतच. त्या बाळाला लेबल वाचता येत नाही.

‘म्हणून आमची तेलाची पणतीच बरी’ असं म्हणणाऱ्यांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत. आज्यांचं काजळ आठवा. पूर्वी कोकणात उंडीचं कडू तेल दिव्यात जाळायचे. घरं कौलारू, दारं सताड उघडी, दिवा ओटीवर नाहीतर तुळशीपाशी. धूर निघून जायचा. आज पणती तीच आहे, पण घर बंद डबा झालंय. आणि पाणी घातलं की पेटणारे ते प्लॅस्टिकचे दिवे? त्यांना धूर नाही हे खरं, पण प्रत्येकात बटणाएवढी बॅटरी. ती लहान मुलाने गिळली तर जिवावर बेतते आणि टाकून दिली तर विषारी कचरा.

मग करायचं काय? फार सोपं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. चार लावायच्या तिथे एकच लावा. बिनवासाची, बिनरंगाची घ्या. वात पेटवण्याआधी अर्ध्या सेंटिमीटरइतकी कापा, कारण लांब वात जास्त काजळी धरते. वातीत धातूची तार दिसली तर घेऊच नका. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ साली बंदी घातली, ती उगीच नव्हे. खिडकी उघडी ठेवा, पण ज्योत थेट वाऱ्यात नको, फडफडली की धुरकटते. विझवताना फुंकर मारू नका, वरून झाकण ठेवा. फुंकरीनंतर निघणारी ती पांढरी रेघ म्हणजे न जळलेलं मेण असतं. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल तर दिवा बाहेर, उंबऱ्यापाशी किंवा गॅलरीत लावा. दिव्याचं मूळ स्थान तेच तर होतं.

ह्यातलं एकही वाक्य त्या बरण्यांवर ठळक छापलेलं मला दिसलं नाही. कसं दिसेल? कमी लावा म्हणून सांगणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय.

असो. ह्या दिवाळीत एखादी बरणी भेट म्हणून आलीच, तर लेबल वाचत बसण्याआधी खिडकी तेवढी उघडा.