यात्रेच्या बसने वायनरीत जावं का?



बाळ येशूच्या सणासाठी आपली लक्झरी फेब्रुवारीत नाशिक रोडला जाऊन आली, त्याला आता महिना होईल. मिस्साची गर्दी, नोव्हेना, पहाटे थंडीत प्यायलेला चहा, हे सगळं आम्ही मागच्या लेखात लिहिलं. एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहिली नव्हती. परतीच्या दिवशी सकाळी आम्ही बस गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीकडे वळवली होती.

तेव्हापासून दर रविवारी मिस्सा संपली की कोणी ना कोणी आम्हाला पायऱ्यांवर गाठतं. कोणी म्हणतं, "यात्रेला नेता की दारू पाजायला?" कोणी हळूच विचारतं, "पुढच्या वर्षी पण आहे ना तो कार्यक्रम?" शेवटी फादर म्हणाले, "तुम्हीच ठरवलं होतं, तुम्हीच लिहा." म्हणून हा लेख. उपवासकाळ चालू आहे, तेव्हा कबुलीने सुरुवात केलेली बरी. वायनरी कार्यक्रमात घालणारे आम्हीच, सहा स्वयंसेवक. पत्रिकेत आम्ही तिला 'द्राक्षमळा भेट' असं नाव दिलं होतं. टेस्टिंग रूम हा शब्द आम्ही टाळला, आणि का टाळला ते आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं.

आपण वडोदऱ्याची माणसं. 1949 चा दारूबंदी कायदा मुंबई राज्यात झाला, 1960 मध्ये राज्याचे दोन तुकडे झाले तरी गुजरातने तो ठेवला. त्यामुळे आपल्याकडे दारू म्हणजे दमणची सहल नाहीतर पिशवीत लपवलेलं काहीतरी. काचेच्या दालनात उजेडात बसून, नाव विचारून, वास घेऊन कोणी वाइन पितं हे आपल्यातल्या बहुतेकांनी फक्त सिनेमात पाहिलेलं. हे कुतूहल आम्हालाही होतं. ते वाईट होतं असं आम्ही आजही म्हणणार नाही.

तिथे जे पाहिलं ते खरंच शिकण्यासारखं होतं. खायच्या द्राक्षांनी नाशिक जिल्हा केव्हाचाच ओळखला जातो. वाइनच्या द्राक्षांचं वेड त्या मानाने अलीकडचं. राजीव सामंत यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी इथे सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या फ्रेंच जाती लावल्या. त्यांच्या 'सुला'ची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली, आणि 2005 मध्ये त्यांनी मळ्यातच टेस्टिंग रूम उघडली. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं. त्यानंतर गंगापूर, दिंडोरी, इगतपुरीकडे एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या. आम्ही गेलो ती त्यांपैकीच एक. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा काही दोष नाही.

मार्गदर्शक मुलगा आधी टाक्यांकडे घेऊन गेला. स्टीलच्या उंच टाक्या, बाहेरून गार. लाल द्राक्ष पिळलं तरी बहुतेक जातींचा रस पांढुरकाच निघतो, हे आम्हाला तिथे कळलं. रंग सालीत असतो. रस सालीसकट आंबू दिला तर लाल वाइन होते, साल आधीच काढली तर नाही. मग ओक लाकडाची पिंपं, आणि शेवटी लांब टेबल. पाच ग्लास, प्रत्येकात साधारण 30 मिली. आधी पांढऱ्या, मग लाल, शेवटी गोड. ग्लास उजेडात धरायचा, फिरवायचा, नाक आत घालायचं, मग घोट तोंडात घोळवायचा. टेबलाच्या मधोमध एक भांडं होतं. मुलाने सांगितलं, हे थुंकण्यासाठी. जे रोज वाइन पारखतात ते गिळत नाहीत, नाहीतर दुपारपर्यंत जीभ आणि डोकं दोन्ही जातात. आमच्यातल्या एकानेही त्या भांड्याचा उपयोग केला नाही. पाच वेळा 30 म्हणजे 150 मिली, म्हणजे भरलेला एक ग्लास. उन्हात, रिकाम्या पोटी, अर्ध्या तासात.

आता दोष कुठे झाला ते.

बसमध्ये आमचे एक मामा होते. सगळा धर्मग्राम त्यांना मामाच म्हणतो. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली. कशी सोडली, घरात काय काय झालं, मामींनी किती रात्री चर्चच्या ओट्यावर काढल्या, ते जुन्या लोकांना माहीत आहे. हा लेख आम्ही त्यांना आधी वाचून दाखवला आहे. त्यांनी एकच बदल सुचवला, तो केला.

बस थांबली तेव्हा मामा उतरले नाहीत. आम्ही म्हणालो, "मामा, चला ना, नुसतं बघायला." ते म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी ड्रायव्हरसोबत बसतो." आणि आम्ही गेलो. पुन्हा एकदा मागे वळून विचारावं असंसुद्धा कोणाला वाटलं नाही. एकवीस वर्षांखालच्या मुलांना टेबलावर बसता येत नव्हतं, त्यांची मात्र आम्ही छान सोय लावली, गच्चीवर सरबत आणि फोटो. मामांची सोय आमच्या यादीत नव्हती.

नंतर कळलं की तेही बसमध्ये टिकले नाहीत. हंगामाचे दिवस, आंबणाऱ्या रसाचा वास आवारभर पसरलेला असतो. आपल्याला तो फुलांचा, फळांचा वाटतो. मामांना तो ओळखीच्या माणसासारखा वाटला, हे त्यांचे शब्द. ते बसमधून उतरले आणि मळ्याच्या कडेने लांब चालत गेले. तिथे तोडणी संपवून बायका भाकरी खायला बसल्या होत्या. सुरगाण्याकडच्या. द्राक्ष गार असतानाच तोडायचं असतं, म्हणून त्या उजाडण्याआधीच कामाला लागलेल्या. मामा तासभर त्यांच्यात बसले. परत आले ते हातात एक घोस घेऊन. मणी बारीक, जाड सालीचे, आत बिया, आणि थॉम्पसनपेक्षा कितीतरी गोड. त्यांनी तो बसमध्ये सगळ्यांना वाटला. आम्ही हसत हसत खाल्ला. कोणी विचारलं नाही, मामा, तुम्ही कुठे होतात?

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. वणीला चहासाठी थांबलो तेव्हा कळलं की दोन पिशव्यांत दोन बाटल्या आहेत. वायनरीच्या दुकानातून घेतलेल्या, पक्क्या पावतीसह. पण बस सापुताऱ्याच्या घाटातून गुजरातमध्ये शिरणार होती, आणि तिथे पावती दाखवून सुटका होत नाही. गाडी अडकली असती, ड्रायव्हर अडकला असता, आणि पुढच्या काचेवर बाळ येशूचं चित्र लावलेली बस चेकपोस्टवर उभी राहिली असती. वाद झाला. एकजण म्हणाला, "फादरांना मिस्सासाठी देऊ की, ते तर चालतं." चालत नाही. मिस्साच्या वाइनला आपल्या राज्यात सवलत आहे हे खरं, पण ती परवान्याने येते, बॅगेतून नाही. शेवटी बोरगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला दोन्ही बाटल्या ओतल्या. ज्यांच्या होत्या ते दोघं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. पैसे त्यांचे गेले, ते चूक नाहीत. बस कुठून परत जाणार हे आम्हाला आधीपासून माहीत होतं, सांगायचं आमचं काम होतं.

तर आता आमचं मत.

वाइन पाप आहे असं आम्ही म्हणणार नाही, आणि म्हणणाऱ्यांनी शुभवर्तमान पुन्हा उघडून पाहावं. प्रभूचं पहिलं चिन्ह कानाच्या लग्नात, सहा दगडी रांजणांत. पौल तिमथीला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. फ्रान्समध्ये बर्गंडीचे मळे शेकडो वर्षं मठवासीयांनी राखले. चर्चच्या कायद्याचं कलम 924 सांगतं की मिस्साची वाइन द्राक्षाचीच, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी. म्हणजे ती द्राक्ष आंबवून केलेली खरी वाइन असते. वेदीवर ठेवायची आणि बाहेर तिच्या नावाने नाक मुरडायचं, हे जमणार नाही.

पण त्याच चर्चने दुसरंही केलं आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. काही माणसांना वाइनचा एक थेंबही चालत नाही. काही धर्मगुरूसुद्धा त्यात आहेत. त्यांच्यासाठी चर्चने वेदीवरच वाट काढली. बिशपांच्या परवानगीने त्यांना मुस्तुम वापरता येतं, म्हणजे ज्याचं आंबणं थोपवून धरलं आहे असा शुद्ध द्राक्षरस. 2003 साली व्हॅटिकनहून कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांच्या सहीने याबद्दलचं पत्र जगभरच्या बिशप परिषदांना गेलं. त्यात ही सोय धर्मगुरूंपुरती ठेवलेली नाही, सामान्य भाविकांनाही ती मिळू शकते. शिवाय नुसत्या भाकरीच्या रूपात घेतलं तरी प्रभू पूर्णच मिळतो, ही आपली श्रद्धा आहेच.

जगात वाइनची सगळ्यात जास्त गरज जिथे आहे, त्या वेदीवर चर्च अशा एका माणसासाठी थांबतं, बदलतं, परवानगी लिहून देतं. आणि आम्ही सहा स्वयंसेवक एका टेस्टिंग रूमसाठी थांबलो नाही.

पौलाने रोमकरांना जे लिहिलं ते आम्ही प्रवचनात अनेकदा ऐकलं आहे. आपल्या पिण्याने भावाला ठेच लागत असेल तर न पिणं बरं. आम्हाला ते नेहमी जरा जास्तच कडक वाटायचं. भावाने स्वतःला सांभाळावं की! पण भाऊ आपल्याच बसमध्ये असेल, तिकीट आपण काढलं असेल आणि बस आपण वळवली असेल, तर तो कसा सांभाळणार? तो फक्त उतरून लांब चालत जाऊ शकतो. मामांनी तेच केलं. दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं, आणि मग आम्ही मामींच्या समोर कसे उभे राहिलो असतो, हा विचार आम्हाला झोपू देत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की तुम्हाला टेस्टिंग रूम पाहायची असेल तर खुशाल पाहा. स्वतःच्या गाडीने, वेगळ्या दिवशी, गाडी चालवणारा न पिणारा ठेवून. खाऊन जा, थुंकायच्या भांड्याची लाज बाळगू नका, आणि घरी परतताना हद्दीचं भान ठेवा. यात्रेच्या बसने मात्र नाही. यात्रेत आपण एकमेकांच्या हवाली असतो.

आमच्यातल्या दोघांना हे पटलेलं नाही. युवक मंडळातल्या त्या दोघांचं म्हणणं असं की लपवाछपवीनेच आपल्याकडे जास्त माणसं बुडाली. दमणहून झिंगत परतणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही, आणि उजेडात बसून मापात पिणं शिकवणाऱ्या जागेला मात्र आपण बदनाम करतो. यात तथ्य आहे. मामांचीही सुरुवात लपूनच झाली होती, हे त्यांनीच सांगितलं. या वादाचं उत्तर आमच्याकडे पूर्ण नाही. उपवासकाळात एक संध्याकाळ त्यासाठी ठेवावी असं फादरांना सुचवलं आहे.

कानाच्या त्या गोष्टीत एक चाखणारा आहे, भोजनकारभारी. तो घोट घेऊन अगदी बरोबर पारख करतो, पण ती वाइन कुठून आली हे त्याला माहीत नसतं. ज्या नोकरांनी पाणी भरलं त्यांना माहीत असतं. त्या सकाळी आम्ही पाच ग्लासांची पारख केली. सुरगाण्याच्या बायका कधी उठतात, रोज काय मिळतं, पोरं कोणाकडे ठेवून येतात, हे एकट्या मामांना माहीत होतं. ते त्यांनी आम्हाला परवा सांगितलं, आम्ही विचारल्यावर.

पुढच्या फेब्रुवारीत बस पुन्हा सापुतारा–वणी रस्त्याने जाईल. परतीच्या सकाळी दिंडोरीकडे एखाद्या खायच्या द्राक्षाच्या बागेत थांबायचं ठरतंय. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी म्हणजे काय, हे बागाईतदाराकडूनच ऐकायचं. योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता माळी होऊन फांद्या छाटतो. आपल्यापैकी कितीजणांनी छाटलेला वेल पाहिला आहे? बाग शोधण्याचं काम मामांनी अंगावर घेतलं आहे. एक अट घातली आहे: तोडणीच्या वेळी, म्हणजे उजाडताच, पोहोचायचं. चार वाजता उठायची तयारी असेल त्यांनीच नावं द्यावीत.