दुसऱ्या पायरीवर चंद्रपूर-गडचिरोली का नाही?

क्रिकेटच्या गदारोळात फुटबॉलची बातमी आतल्या पानाच्या तळाला जाते आणि फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीची बातमी तर बहुधा तिथेही पोचत नाही. तरीही एखाद्या खेळाची मुळे किती खोल गेली आहेत हे पाहायचे असेल, तर पहिल्या श्रेणीकडे पाहून भागत नाही. तिथला झगमगाट पैशानेही आणता येतो. दुसऱ्या श्रेणीत कोणत्या गावचे संघ खेळतात आणि तिथून वर जाण्याची वाट खुली आहे की नाही, यावरून त्या खेळात सामान्य माणसाला किती जागा आहे ते कळते.

आपल्या देशात ही वाट फार वेळा खोदली गेली आणि बुजवलीही गेली. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ च्या डिसेंबरात सुरू झाली. फगवाड्याचा जेसीटी पहिला विजेता ठरला. लवकरच तिला दुसऱ्या श्रेणीची जोड मिळाली. २००७ मध्ये आय-लीग आली. २०१४ मध्ये मोठ्या शहरांची इंडियन सुपर लीग अवतरली; तिच्यात प्रवेश पैशाने, गुणांनी नव्हे. हळूहळू हीच देशाची पहिली श्रेणी ठरली आणि कालची सर्वोच्च आय-लीग जागच्या जागी दुय्यम झाली. विजेत्याला वर जाण्याची सोय २०२२-२३ च्या हंगामापासून झाली. २०२३ मध्ये पंजाब आणि २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग या वाटेने वर गेले. २०२५ चे विजेतेपद मात्र मैदानावर ठरलेच नाही. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते इंटर काशीला दिले.

या सगळ्यात महाराष्ट्र कुठे होता? होता, पण मुंबई-पुण्यापुरता. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद झाला. मुंबई एफसी २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला, २०१७ मध्ये तळाला गेला आणि दिसेनासा झाला. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स यांचीही तीच गत. मुंबईचा केंकरे २०२३ मध्ये खाली उतरला. त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत, २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये, आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. यांतले बहुतेक संघ एखाद्या उद्योगसमूहाच्या किंवा मालकाच्या मर्जीवर उभे होते. ती मर्जी फिरली की संघ गेला, कारण खाली गाव नव्हते, वस्ती नव्हती, तिकीट काढणारा माणूस नव्हता.

मुंबई-पुण्याची ही कथा असेल, तर चंद्रपूर-गडचिरोलीने कशाला आशा धरावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर मिझोरामने दिले आहे. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती आणि एकट्या गडचिरोली जिल्ह्याचीही पावणेअकरा लाखांच्या जवळपास. तिथेही जंगल, इथेही जंगल. तिथल्या डोंगरांनीही १९८६ च्या करारापर्यंत बंदुकीची दहशत वीस वर्षे पाहिली. त्याच मिझोरामने २०१४ मध्ये संतोष करंडक जिंकला. महाराष्ट्राने तो १९९९-२००० नंतर पाहिलेला नाही. ऐझॉल एफसी २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून आय-लीगचा विजेता झाला. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील आधी कित्येक वर्षे मुंबई एफसीकडे होते. आपल्याकडे माणूस होता; त्याच्या हाती जे लागते, ते आपल्याकडे नव्हते.

ते म्हणजे काय? मिझोरामने २०१२ मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली. वस्त्यांच्या नावांचे संघ आठवड्यामागून आठवडे एकमेकांशी खेळू लागले. आपल्याकडच्या खेड्यांतल्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की पोरगा घरी, ते पुढच्या वर्षापर्यंत. अशाने एखादा चमकून जातो, पण खेळाडू घडत नाही.

मिझोराम हे राज्य आहे, त्याची स्वतःची संघटना आहे. गडचिरोली हा मुंबईपासून हजार किलोमीटरच्या घरात असलेला एक कोपरा आहे, हा फरक मान्य केलाच पाहिजे. पण पोरांत दम नाही असे कोणी म्हणू नये. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. शासनाने मनावर घेतले तेव्हा ते घडले. फक्त शिखर एकदाच सर करायचे असते. लीग दर रविवारी खेळावी लागते.

आणि प्रेक्षक? दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव प्रयोग करतात, माणसे थंडीत रात्रभर बसून पाहतात आणि तिकीट काढून पाहतात. मुंबईच्या कोणा मालकाच्या आधाराशिवाय हा उद्योग टिकला. ज्या मुलखाला नाटक असे जगवता येते, त्याला फुटबॉलचा संघ का जगवता येऊ नये?

म्हणून मागणी मोठ्या स्टेडियमची नाही. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आश्रमशाळा, कोळसा खाणींच्या वसाहती आणि तालुक्यांचे आठ-दहा संघ, नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर सामने, शिकलेले पंच, बसभाडे आणि दोन वेळचे जेवण एवढेच पुरे. कंपनी कायद्यानुसार सामाजिक दायित्वाचा पैसा ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणासाठी वापरता येतो आणि इथल्या जमिनीतून कोळसा व लोखंड नेणाऱ्या कंपन्यांना हे सांगण्याचा अधिकार इथल्या लोकांना आहे. मात्र पैसा कंपनीचा असला तरी संघ गावाच्या नावाचा आणि गावाच्या ताब्यात असावा. नाहीतर कंपनीचे मन बदलताच महिंद्रा युनायटेडची गोष्ट मूलला, राजुऱ्याला, अहेरीला पुन्हा घडेल.

दुसऱ्या श्रेणीच्याही खाली आता आणखी पायऱ्या झाल्या आहेत. त्यांवर पाय ठेवायचा, तर आधी आपल्या अंगणात उभे राहता आले पाहिजे. सिरोंच्याचा संघ चंद्रपुरात येऊन दर हंगामात खेळू लागेल, तेव्हा ही दुय्यम लीग आपलीही आहे असे म्हणता येईल.