मास्तर, एकदा आमच्या दारी या

वस्तीतलं एखादं लेकरू चार दिवस शाळेत आलं नाही, की एक वाक्य हमखास कानावर येतं : "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." असं बोलणाऱ्यांपैकी किती जण त्या लेकराच्या घरी गेलेले असतात? आमचा सवाल एवढाच आहे.

आमच्या सोलापुरात कुणाची आई विड्या वळते, कुणाचा बाप यंत्रमागावर रात्रपाळी करतो. थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते. हजेरीपटावर यातलं काहीच दिसत नाही, तिथं फक्त 'गैरहजर' एवढंच दिसतं. घरी गेलेल्या शिक्षकाला मात्र कळतं, की इथं जाण कमी नाही, सवड कमी आहे. मग पालकसभा कामाच्या वेळेत न घेता संध्याकाळी घेता येते. पोरीच्या धाकट्या भावाला अंगणवाडीत घालण्यासाठी धडपडता येतं.

हे स्वप्नरंजन नाही. 2020 साली कोविडमुळे शाळा बंद झाल्या. कामगारांच्या घरी स्मार्टफोन कुठून येणार? तेव्हा सोलापूरच्या निलमनगरमधल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे 300 घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पोरं गल्लीत अंतर राखून शिकली. शाळा दारात आली तेव्हा कुणी पालकानं भिंत नाकारली म्हणून काम अडलं नाही. मग महत्त्व कुणाला कळत नव्हतं?

महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या पोरांना त्यांच्यात मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक हवा. त्यांच्यापासून फटकून राहणारा नको. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. पोराच्या राहण्या-जेवण्याचा विचार केल्याशिवाय शिक्षण पुढं सरकत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्याच लोकांना पटकन कळेल. शाळेत शिपाई नसेल तर भीमरावाला पाणी मिळत नसे. त्या देशात शिक्षक वस्तीत येतो, आपल्या घरात बसतो, आपल्या आईच्या हातचा चहा पितो, हे पोरानं डोळ्यांनी पाहणं ही साधी गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी ते पोर वर्गात मान वर करून बसतं. आणि जो शिक्षक दारातच उभा राहून "नको, आत्ताच घेतला" म्हणतो, त्याचीही ओळख पोराला तिथंच पटते.

काही शिक्षक म्हणतील, वेळ कुठं आहे? सर्वेक्षणं, अहवाल, ऑनलाइन माहिती यांत ते पिचलेत, हे आम्हाला मान्य आहे. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. या कलमासाठी शिक्षकांनी लढावं, आम्ही सोबत येऊ. त्याच कायद्याचं कलम 24 पालकांना भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगायला लावतं. तेही मग पाळावं.

मात्र गृहभेट म्हणजे झडती नव्हे. घरात काय आहे, काय नाही, याची नोंद करायला किंवा उपदेश पाजायला कुणी येऊ नये. ऐकायला यावं.

आता आपलं काम. तरुणांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांना त्यात प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. त्या जागांवर आपल्या आयाबहिणींना बसवा आणि तिथं गृहभेटीचा ठराव मांडा. या जयंतीला मिरवणुकीच्या वर्गणीसोबत आणखी एक काम करा : वस्तीतल्या प्रत्येक पोराच्या मास्तरांना, बाईंना विहारात बोलवा आणि तिथून घरोघरी घेऊन जा.

'शिका' हा आदेश आपल्या पोरांनी पाळला. त्यांना शिकवणाऱ्यांनी आता आपला उंबरा ओलांडावा.

जय भीम!