चौतिसाव्या वर्षी कोणती ब्रँच?

आमच्या मुखेडात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा एक जण यंदा पुन्हा शिकायचं म्हणतो. वय ३४. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, आणि तेव्हापासून हातात पान्हा-पकड. ‘सर, घरचे सगळे कॉम्प्युटरच घ्या म्हणायलेत. तुम्हाला काय वाटतं?’ मी इलेक्ट्रिकल म्हटलं.

अठरा वर्षांचं पोरगं ब्रँच निवडतं तेव्हा त्याच्यापाशी फक्त मार्क असतात. याच्यापाशी पंधरा-सोळा वर्षांचं काम आहे. एक फेज गेल्यावर मोटार का घुमते, तशीच चालू ठेवली तर वाइंडिंग का जळतं, हे त्याला कुणी शिकवायला नको. दोन फेजवर मोटार ओढायला शेतकरी कपॅसिटर लावतात तेही त्यानं शेकडो विहिरींवर पाहिलंय. त्या कपॅसिटरनं आत नेमकं काय घडतं, ते मात्र गणिताशिवाय कळत नाही. आणि या वयात भीती वाटते ती गणिताचीच.

आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. एक वर्ष वाचतं, म्हणून सगळे खूश होतात. पण पहिल्या वर्षाचं गणित त्यातच निसटतं, आणि दुसऱ्या वर्षी एसी सर्किट शिकवणारे शिक्षक ते येतं असं धरून चालतात. म्हणून प्रवेशाआधीच्या महिन्यांत त्रिकोणमिती, कॉम्प्लेक्स नंबर आणि डेरिव्हेटिव्ह एवढं तरी रोज बसून करायला हवं. एआयसीटीईनं पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही आणली आहेत, ती घ्यावीत. स्टेटरच्या स्लॉटमध्ये तांब्याची तार भरताना तीन फेजमधलं १२० अंशांचं अंतर ज्यानं हातानं राखलंय, त्याला कागदावरचा तोच कोन परका वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

वयाचा हिशेबही सांगितला. राज्य सरकारच्या भरतीत कमाल वय खुल्या प्रवर्गाला साधारण ३८, मागासवर्गीयांना ४३. डिप्लोमा छत्तिसाव्या वर्षी हातात पडेल. पुढे डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेला तर एकोणचाळीस उजाडेल. म्हणजे त्याच्यासाठी डिप्लोमालाच खरं मोल आहे. डिग्री मनात असेल तर पुढं पाहावी.

कॉम्प्युटरला माझा विरोध नाही. ज्यांचा दिवस आधीच संगणकावर जातो त्यांनी ते जरूर घ्यावं. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस अभ्यासक्रम घरून शिकता येतो, वयाची अट नाही. तो बीई नव्हे, हे मात्र आधी समजून घ्यावं. ‘घरबसल्या बीई’ असं कुणी विकत असेल तर दूरच राहावं. पत्राद्वारे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये लगाम घातला. इंजिनिअरिंगच्या पदवीला समकक्ष धरल्या जाणाऱ्या एएमआयई परीक्षेची वाटही ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच उरली.

खरी अडचण पुढेच आहे. पॉलिटेक्निक नांदेडला, वर्ग दिवसा, हजेरी ७५ टक्के. तेव्हा दुकान कोण उघडणार? एआयसीटीईनं २०२३ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत डिप्लोमा-डिग्रीची परवानगी दिली. पण त्यासाठी संस्थेच्या आसपास नोंदणीकृत ठिकाणी नोकरी हवी, किमान वर्षभराचा अनुभव हवा. मुखेडच्या वायरमनला नेमणूकपत्र कोण देणार? त्याच्या कामाची नोंद गावोगावच्या स्टार्टर पेट्यांत आहे, ती कुठल्याच कार्यालयात धरत नाहीत. मला याचा मनापासून राग येतो.

तालुक्याच्या आयटीआयत वर्ग आहेत, मोटारी आहेत, मीटर आहेत. संध्याकाळी तिथं कुलूप असतं. तिथंच संध्याकाळचा डिप्लोमा सुरू करावा, स्वतःचा धंदा असणाऱ्यांचा अनुभव ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर किंवा उद्यम नोंदणीवर धरावा, आणि परीक्षा इतरांसारखीच कडक घ्यावी. आमदारांकडे हे मागणं घेऊन जायला आम्ही दोघं तयार आहोत. आणखी कुणी यायचं असेल तर यावं.