मराठी घर, हिंदी फळा आणि इंग्रजी क्रियापद

व्यवहारापुरते इंग्रजी शिकविण्याची आपल्याकडील रूढ पद्धत क्रियापदांच्या यादीपासून सुरू होते. डाव्या बाजूस इंग्रजी क्रियापद, उजव्या बाजूस त्याचा देशी भाषेतील एकच अर्थ, आणि खाली त्याची तीन रूपे: गो, वेंट, गॉन, टेक, टुक, टेकन. विद्यार्थी ही रूपे तोंडपाठ करतो, परीक्षेत ती बिनचूक लिहितो. परंतु दुकानात, दवाखान्यात किंवा रेल्वेच्या खिडकीपाशी साधे वाक्य बोलावयाची वेळ आली की अडखळतो. ह्या अपयशाचे खापर बहुधा विद्यार्थ्याच्या भित्रेपणावर किंवा सरावाच्या अभावावर फोडले जाते. वस्तुतः दोष यादीतच आहे, आणि तो कसा आहे हे पाहावयाचे असेल तर जबलपूरसारख्या शहरातील मराठी मुलाकडे पाहावे. कारण तेथे हा दोष दुहेरी होतो.

जबलपुरात मराठी ही काही काल आलेली भाषा नव्हे. हा प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८१७–१८ मध्ये ब्रिटिशांकडे गेला. पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर ही राजधानी झाली, तेव्हा हिंदी आणि मराठी ह्या त्या प्रांताच्या दोन प्रमुख भाषा ठरल्या. एकाच प्रांताचा कारभार असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे ह्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबांना नर्मदाकाठी येण्याची वाट खुली राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला. जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि त्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे ठिकाण झाले. त्या दिवसापासून येथील मराठी ही राज्यव्यवहाराच्या भाषेशी संबंध नसलेली, मुख्यतः घराची भाषा झाली. राइट टाऊनमधील किंवा गोरखपुरातील मराठी मूल आजीशी मराठीत बोलते, गल्लीत हिंदीत खेळते आणि इंग्रजी क्रियापदाचा अर्थ शाळेतल्या फळ्यावर किंवा स्वस्त पुस्तिकेत वाचते, तो बहुधा हिंदीत.

हिंदी आणि मराठी ह्या सख्ख्या शेजारणी असल्यामुळे त्यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते नेमके नित्याच्या क्रियापदांत. 'झोप येणे' आणि 'झोप लागणे' ह्यांतील भेद मराठी मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षीच कळलेला असतो. झोप येते तेव्हा तो जागा असतो. झोप लागते तेव्हा नसतो. इंग्रजीतही 'फील स्लीपी' आणि 'फॉल अस्लीप' अशा दोन स्वतंत्र जोड्या आहेत. हिंदी पुस्तिकेत मात्र 'नींद आना' एवढा एकच अर्थ पुढे आला, की जो भेद मुलाच्या घरी होता आणि इंग्रजीतही होता, तो मधल्या पायरीवर पुसला जातो. हिंदीला हा भेद करता येत नाही असे मुळीच नव्हे. 'आँख लगना', 'सो जाना' असे प्रयोग तिच्यापाशी आहेत. परंतु एका शब्दापुढे एक अर्थ मांडणाऱ्या यादीत ते येत नाहीत. भाषा समर्थ असते. यादी दरिद्री असते.

'टेक' ह्या क्रियापदाचेही असेच. यादीत त्याच्यापुढे 'लेना' लिहिलेले असते. मग 'मुलाला शाळेत टेक करणे' म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला उमगत नाही. मराठीच्या आधारे पाहिले तर गोष्ट सोपी आहे. 'गिव्ह'च्या समोर 'टेक' उभे राहिले की ते 'घेणे' असते. 'ब्रिंग'च्या समोर उभे राहिले की ते 'नेणे' असते. देणे–घेणे आणि आणणे–नेणे ह्या दोन्ही जोड्या मराठी मुलाच्या जिभेवर आहेत. हिंदीत 'ले जाना' ह्या रूपात 'लेना' पुन्हा डोकावत असल्यामुळे तेथे हा भेद तितका लख्ख दिसत नाही. इतके नेमके साधन घरात असताना मुलाने ते दाराबाहेर ठेवून वर्गात यावे, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

किंबहुना नित्याच्या क्रियापदाला एकटेपणी अर्थच नसतो, हे तत्त्व मराठी भाषक जन्मतः जाणतो. 'लागणे' म्हणजे काय, असे विचारले तर विद्वानही घोटाळेल. पण भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. इंग्रजीत आग 'कॅच' होते, वेळ 'टेक' होतो, नोकरी 'गेट' होते, झोपेत माणूस 'फॉल' होतो. उलट बाजूने इंग्रजी 'गेट' घेतले तर पत्र मिळणे, सकाळी उठणे, पावसात भिजणे, घरी पोहोचणे आणि म्हटलेले समजणे एवढी सारी कामे ते करते. 'गेट' म्हणजे 'मिळवणे' असे पाठ केलेल्या मुलाला ह्यांतील बहुतेक वाक्ये बंदच राहतात. 'तुमच्या भाषेत जसे लागणे, तसे इंग्रजीत गेट' एवढे एक वाक्य शिक्षकाने उच्चारले तर मूल शब्दाच्या अर्थाऐवजी त्याची सोबत पाहू लागेल. तीच खरी सुरुवात होय.

रूपांच्या अनियमितपणाचे भयही असेच अनाठायी आहे. 'गो'चे 'वेंट' का, ह्याचे आश्चर्य वाटणाऱ्या मुलाने 'जाणे'चे 'गेला', 'येणे'चे 'आला' आणि 'होणे'चे 'झाले' हे कधीच स्वीकारलेले असते. हिंदीतील 'जाना'चे 'गया'ही त्याच्या अंगवळणी पडलेले असते. जी क्रियापदे रोज वापरात असतात तीच आपली जुनी, वेडीवाकडी रूपे टिकवून धरतात. हा नियम तिन्ही भाषांत सारखाच दिसतो.

सी. के. ऑग्डेन ह्यांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश'ची योजना मांडली. तीत एकूण ८५० शब्द होते आणि क्रियापदे अवघी १८. कम, गेट, गिव्ह, गो, पुट, टेक अशा मोजक्या क्रियापदांवर सारा व्यवहार चालविता येतो, हा त्यांचा दावा होता. तो काही अंशी खराही आहे. परंतु ही अठरा क्रियापदेच परभाषकाला सर्वांत अवघड जातात, हे त्या हिशेबात पुरेसे आले नाही. शब्द थोडे केले की प्रत्येक शब्दावरचा अर्थाचा भार वाढतो. तो भार उचलण्यास विद्यार्थ्याची मातृभाषाच मदतीला येऊ शकते. मायकेल वेस्ट ह्यांनी वंगभूमीत प्रत्यक्ष काम करून १९२६ मध्ये द्वैभाषिकतेवर ग्रंथ लिहिला, ह्याचे स्मरण भारतीय अभ्यासकांनी ठेवावयास हवे. मराठीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले ते मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवूनच. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव कमी होता हे मान्य; तथापि तिने मुलाची भाषा खोलीबाहेर काढली नव्हती.

मातृभाषेला वर्गात मुळीच थारा देऊ नये, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, असे मानणारा पक्ष येथे आक्षेप घेईल. पण मूल मनातल्या मनात भाषांतर करतेच; ते थांबविणे कोणाच्याही हाती नाही. प्रश्न एवढाच, की ते भाषांतर उघड, तपासलेले आणि नेमके असावे, की चोरटे आणि चुकीचे. 'परीक्षा देणे' ह्या प्रयोगावरून विद्यार्थी 'गिव्ह' वापरतो आणि त्याला हसतात. मराठीत आणि हिंदीत विद्यार्थी परीक्षा देतो, इंग्रजीत तो ती घेतो, असे एकदा मोकळेपणाने सांगितले तर हसण्याचे कारण उरत नाही.

ह्या प्रश्नाला दुसरी, अधिक चिंतेची बाजू आहे. 'ट्राय करणे', 'मॅनेज करणे', 'अव्हॉइड करणे' असे प्रयोग आज मराठी घरांत सर्रास ऐकू येतात आणि त्यांवरून इंग्रजी येऊ लागल्याचा भास होतो. परंतु 'गेट करणे' किंवा 'पुट करणे' असे सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे इंग्रजीचा जो कणा, ती नित्याची क्रियापदे, हाती येतच नाहीत. आणि मराठीची मात्र हातची जातात. लुगडे, पातळ, धोतर नेसावयाचे असते. सदरा घालावयाचा असतो. चष्मा लावावयाचा असतो. हिंदीचे 'पहनना' आणि इंग्रजीचे 'वेअर' ह्यांच्या दुहेरी दाबाखाली 'साडी घालणे' रूढ होत गेले, की 'नेसणे' हे क्रियापद आजीबरोबरच निघून जाईल. इंग्रजी आले नाही आणि मराठी राहिली नाही, अशी ही अवस्था होय.

राज्यघटनेत १९५६ मध्येच सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे तो सांगतो. प्रत्येक शाळेत मराठी वर्ग निघणे शक्य नसेल. पण मराठी न जाणणारा शिक्षकही इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहून 'हे तुमच्या घरी कसे म्हणतात?' असे विचारू शकतो. त्या प्रश्नाला पैसा लागत नाही. बुंदेली बोलणाऱ्या घरातील मुलालाही त्याचा तितकाच लाभ होईल. विद्यापीठांतील भाषाविभागांनी पन्नास नित्याची क्रियापदे निवडून त्यांच्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी वाक्यांची एक छोटी पुस्तिका सिद्ध करावी. तीत एकट्या शब्दाला जागा नसावी. प्रत्येक क्रियापद आपल्या सोबत्यांसह यावे.

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाची चर्चा बहुधा कादंबरी आणि काव्य ह्यांपाशी घुटमळते. जबलपुरातील मराठी मुलाच्या तोंडी तीन भाषांची क्रियापदे दररोज एकमेकींना घासतात. तौलनिक अभ्यासाला ह्याहून जिवंत सामग्री कोठे मिळणार? त्या मुलाला झोप येणे आणि झोप लागणे ह्यांतील फरक ठाऊक आहे. तो त्याच्याकडून विसरला जाण्यापूर्वी शाळेने त्याचा उपयोग करून घ्यावा.