शेतातला चर कशाला जपायचा?

खंदक म्हटलं की आपल्याला भुईकोट किल्ला आठवतो. इंग्लंडच्या खेड्यांत मात्र शेताच्या मधोमध नुसताच एक चौकोनी चर दिसतो. कुठे पाणी, कुठे गवत, मधल्या उंचवट्यावर चरणाऱ्या मेंढ्या. सेल्फी काढावा असं तिथे काही नाही. तरीही अशा अनेक जागा कायद्याने संरक्षित आहेत. कशासाठी?

इंग्लंडमध्ये असे सुमारे ६,००० खंदक माहीत आहेत. बहुतेक १२५० ते १३५० या काळातले. ते राजांचे नव्हेत. गावचा जमीनदार, कधी एखादा सधन शेतकरी घराभोवती खंदक खणून घ्यायचा. चोराचिलटांपासून थोडा बचाव, मासे पाळायची सोय आणि मुख्य म्हणजे रुबाब!

घरं बहुतेक ठिकाणी गेली, पण गाळ उरला. ओल्या, हवा न शिरणाऱ्या गाळात लाकूड, चामडं, बिया, परागकण शेकडो वर्षं टिकतात. लोक काय खायचे, भोवती काय उगवायचं, हे त्यातून कळतं. एकदा पाणी काढलं, हवा लागली, की सगळं कुजून जातं. ते पुन्हा मिळत नाही.

म्हणून १९७९च्या कायद्यानुसार यादीतल्या जागेवर खोदायला किंवा भराव टाकायला सरकारची लेखी परवानगी लागते. विनापरवाना मेटल डिटेक्टर फिरवणंही गुन्हा आहे. जमीन मालकाचीच राहते. यादीत नाव आलं म्हणून कुणालाही आत शिरता येत नाही.

शेतकऱ्याच्या कामात ही लुडबुड नाही का? तसं वाटू शकतं. पण कायद्याने त्याचाही विचार केलाय. आधीपासून नांगरली जाणारी जमीन त्याच खोलीपर्यंत नांगरायची मुभा आहे. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. दरवर्षी माती थोडी झिजते आणि तोच फाळ जुन्या थरापर्यंत पोचतो. शेतकऱ्याला रास्त मोबदला देऊन अशा जागा कुरण म्हणून राखणं, हाच शहाणपणाचा मार्ग. पैसे लागतील, पण ते वाया जाणार नाहीत.

राजवाडे जपायला सगळेच पुढे येतात. सामान्य गावाचा इतिहास मात्र अशा चिखलातच असतो. तिकडे शिकायला गेलेल्या दोस्तांनो, ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर जुन्या वळणाच्या अक्षरांत ‘मोट’ लिहिलेलं दिसलं, तर एखाद्या रविवारी सार्वजनिक पायवाटेने तिथवर जाऊन या. बघा, पण उकरू नका.